कोफाच्या कड्यांवर

आज अ‍ॅरिझोनातल्या कोफा डोंगरांत मित्रासोबत होतो. टॅग (म्हणजे शिकारीचा परवाना) आणि धनुष्य त्याचं, माझ्याकडे दुर्बीण आणि पाण्याचं ओझं. डेझर्ट बिगहॉर्न या वाळवंटी रानमेंढ्याचा टॅग इथे सोडतीत लागतो आणि एका माणसाला जन्मात असा एकच मेंढा मारता येतो. कित्येकांना तो कधीच लागत नाही.

सूर्य पाठीशी घेऊन समोरचा उतार तासन् तास न्याहाळला. तपकिरी खडकात तपकिरी जनावर, दिसतो तो मागचा पांढरा डाग तेवढा. शेवटी कड्याच्या सावलीत बसलेला एक म्हातारा नर सापडला, शिंगांचा पूर्ण वेढा झालेला.

बंदूक असती तर दुरूनच काम झालं असतं. बाणासाठी तीस-चाळीस मीटर गाठावे लागतात, आणि या मेंढ्यांची नजर भयंकर तीक्ष्ण! ऊन तापलं की वारा दरीतून वर चढतो आणि माणसाचा वास वर नेतो, म्हणून मित्र खालून चढला नाही, वळसा घालून आडव्या कपारीतून गेला. बूट काढून, नुसत्या मोज्यांवर, त्या चोया निवडुंगाच्या काट्यांतून!

तो पोहोचला, दोरी ताणली. मेंढा उठला, पण समोरासमोर. तसा बाण मारला तर जनावर जखमी होऊन पळतं. त्याने दोरी हळूच सैल केली. मेंढा कडा चढून गेला.

मला त्याचा फार अभिमान वाटला. या मेंढ्यांसाठीच 1939 साली कोफा अभयारण्य झालं, त्यांची अशी कदर व्हायलाच हवी. उद्या पहाटे पलीकडची घळ बघायची आहे.