मावशीची गोळी आणि एक मिथाइल

“तुम्ही लोकांनी आमची गोळी ढापलीत, नाही का?”

परवा कॉफीच्या वेळी एका सहकाऱ्याने हसत हसत टाकलेलं हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. विषय इमॅटिनिबचा होता, रक्ताच्या कर्करोगावरच्या गोळीचा. इथे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये कायनेजवर, म्हणजे पेशीतल्या एका जातीच्या प्रथिनांवर, औषधं शोधणारे चार जण जमले की तो निघतोच, पुण्यात पार्किंगचा निघतो तसा. नोव्हार्टिस कंपनीची ही गोळी याच शहरात घडली, आणि भारतात ती दुसऱ्या कंपन्याही स्वस्तात बनवतात. आणि ‘तुम्ही लोक’ म्हणजे भारतीय, त्या टेबलाशी मी एकटीच.

मी काही बोलले नाही. कप विसळला आणि प्रयोगशाळेत माझ्या फ्यूम हूडपाशी गेले. उत्तर सुचलं ट्रॅममध्ये, मग जिन्यात, मग भांडी घासताना. ते इथे लिहिते.

१ एप्रिल २०१३ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसला पेटंट नाकारलं, ते मूळ रेणूचं नव्हतंच. तो १९९० च्या दशकातला, आणि तेव्हा आपल्याकडे औषधाच्या रेणूला पेटंट मिळतच नसे. वाद होता त्याच्या मेसिलेट क्षाराच्या ‘बीटा’ स्फटिकाचा. तो ओल कमी धरतो, जास्त टिकतो, पावडर नीट वाहते. कोर्ट म्हणालं, पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) प्रमाणे एवढ्याने भागत नाही, रोगावरचा गुण वाढला का ते दाखवा. (ओल धरणाऱ्या एका पावडरीने माझे दोन महिने खाल्लेत. तेव्हा स्फटिकाचं काम पोरखेळ आहे असं मी तरी म्हणणार नाही. पण हे कॉफीच्या टेबलावर कबूल करणार नाही.)

तेव्हा कंपनीची गोळी महिन्याला लाख-सव्वा लाखाची होती, आपल्याकडच्या कंपन्यांची आठ-दहा हजारांची. कंपनीने हजारो भारतीय रुग्णांना ती फुकट दिली हेही खरं, आणि तेही मला ऐकवलं गेलंच. पण कुणाच्या यादीत नाव लागणं वेगळं आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून पैसे मोजून आणणं वेगळं. मिरजेच्या माझ्या मावशीला विचारा. २०१४ मध्ये तिला सीएमएल निघाला, रक्ताचा कर्करोग. तेव्हापासून रोज जेवण झालं की पेलाभर पाण्याबरोबर ती गोळी.

मला टोचला तो ‘आमची’ हा शब्द. ती मलाही आमचीच वाटते की! हा रेणू घडवणारे रसायनशास्त्रज्ञ यर्ग झिमरमन यांनी केलेली करामत एमएस्सीला वाचली आणि मी या धंद्यात पडले. आपल्या शरीरात कायनेज पाचशेच्या वर. काम सगळ्यांचं एकच, एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूकडून फॉस्फेट घ्यायचा नि दुसऱ्या रेणूला चिकटवायचा. त्यामुळे एटीपी बसायची खोबणही सगळ्यांची सख्ख्या बहिणींसारखी. सीएमएलमध्ये ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात, त्यातून बीसीआर-एबीएल हे जोडकायनेज बनतं आणि त्याचा नळ बंदच होत नाही. बंद करायचा तो तेवढाच, शेजारचे पाचशे तसेच ठेवून. सुरुवातीचा रेणू प्रोटीन कायनेज-सी या दुसऱ्या कायनेजलाही धरत होता. मग एका कडीवर एक मिथाइल लावला. एक कार्बन, तीन हायड्रोजन, बस! रेणूला अशी मुरड पडली की सी सुटलं आणि एबीएल हातात राहिलं. विरघळेना म्हणून पायपराझिनची शेपटी जोडली. अमेरिकेत डॉक्टर ब्रायन ड्रुकर यांनी रुग्णांवर चाचण्या केल्या आणि १० मे २००१ ला तिथे मंजुरी मिळाली.

मीही मिथाइल लावते. गेल्या वर्षी एकाच रेणूवर सात जागी लावून पाहिला. सहा जागी रेणू मेला. सातव्या जागी छान चालला, पण यकृताने तासाभरात त्याचा फडशा पाडला.

आई विचारते, हे काम हैदराबादला होत नाही का? होतं, उत्तम होतं. पण तिथे मी दुसऱ्यांनी काढलेले रेणू किलोने बनवत होते, इथे कागदावर पहिली कडी मी काढते. हे वाक्य मी आईपेक्षा स्वतःलाच जास्त वेळा ऐकवते.

रविवारी मावशीचा व्हिडिओ कॉल आला. गोळ्यांची पट्टी कॅमेऱ्यासमोर धरून म्हणाली, “हीच बनवतेस ना गं तू?”

“नाही गं, दुसरी. फुप्फुसाच्या कॅन्सरची.”

“मग कधी येणार बाजारात?”

“सहा वर्षं झाली. आत्ता कुठे उंदरांपर्यंत पोचलीये.”

मावशी जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बरं. जेवलीस का?”