शास्त्रीय कारणे : आमची वाटचाल

‘शास्त्रीय कारणे लिहा’ या प्रश्नाने ज्यांचे मार्क गेले किंवा वाचले, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या दप्तरात आमची पुस्तिका असायची. पिवळं कव्हर, दोन पिना, तीन फर्मे, म्हणजे घडी घातलेले तीन छापील ताव. पुण्यात पुस्तकांच्या बाजारात, अप्पा बळवंत चौकात, ती काउंटरवर दिसणार नाही. काउंटरवर जास्त कमिशनवाला माल लागतो. आमची मागच्या फळीवर असते, नाव घेऊन मागावी लागते. मागणारे मागतात.

सुरुवात दोघांनी केली. मजकूर माझा, आकृत्या भागीदाराच्या. तो ट्रेसिंग पेपरवर रोटरिंग पेनने काढायचा, ०.३ ची निब कोणाला हात लावू द्यायचा नाही. आकृतीतल्या नावांच्या रेघा एकमेकींना छेदल्या तर पूर्ण कागद फाडायचा. संगणकावर पानं लावायचं पेजमेकर आणि मराठी टाइपाचं श्री-लिपी आल्यावरही आकृत्या हातानेच. आजच्या आकृत्या रंगीत असतात, पण बाण नक्की कशाकडे दाखवतोय ते कळत नाही.

आमच्याकडे मजकुराचा एकच नियम होता: एका वाक्यात एक कडी. थंड प्रदेशात हिवाळ्यात पाण्याचे नळ का फुटतात? ४ अंश सेल्सिअसच्या खाली पाणी थंड होताना आकुंचन न पावता प्रसरण पावते. ० अंशाला त्याचा बर्फ होताना आकारमान आणखी, सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. भरलेल्या नळात या वाढीला जागा नसते. त्यामुळे नळावर आतून दाब पडतो. म्हणून नळ फुटतात. पाच वाक्यं झाली. यातलं कुठलंही एक झाकून वाचा, उत्तर लंगडतं. बाजारातल्या बाकीच्या पुस्तकांत काय असतं? ‘पाण्याच्या असंगत आचरणामुळे नळ फुटतात.’ हे उत्तर झालं का? घटनेला नाव दिलं, कारण कुठे दिलं?

क्रियापदं सगळी रीतीची: प्रसरण पावते, पडतो, फुटतात. ‘फुटला’ लिहिलं की ती बातमी होते, ‘फुटतात’ लिहिलं की नियम होतो. प्रयोगाच्या कृतीत ‘पाणी घ्या, तापवा’ चालतं, कारणात आज्ञार्थ आला की मी खोडायचो. आणि ‘साठी’वर माझी विशेष नजर. ‘पाणी गार करण्यासाठी माठ पाझरतो’ असं लिहून येतं, चांगले शिकलेले लोक लिहितात. माठाला कसला आलाय हेतू? माठ सच्छिद्र असतो म्हणून पाझरतो. बाहेर आलेल्या पाण्याचे बाष्पीभवन होताना उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते, त्यामुळे पाणी गार होते. ‘साठी’ माणसांना लावा, मडक्याला ‘मुळे’ लावा.

या माठावरूनच सांगोल्याच्या बाईंची ओळख झाली. त्या दर जूनला शाळेसाठी गठ्ठा मागवायच्या, मनीऑर्डर आगाऊ. एकदा पोस्टकार्ड आलं: आमच्याकडे मे महिन्यात माठ चांगला गार होतो, माहेरी रत्नागिरीला होत नाही, मुलं विचारतात. पुढच्या आवृत्तीत एक ओळ वाढवली: हवेत बाष्प जास्त असेल तर बाष्पीभवन मंदावते, म्हणून दमट हवेत माठातले पाणी तितके गार होत नाही. घटना कधी घडत नाही हेही ज्यातून निघतं ते कारण पक्कं, हे मी त्या कार्डावरून शिकलो. बाई निवृत्त झाल्या, पण कार्ड येतात. लाल शाईने, शुद्धलेखनासकट.

मधली वर्षं बरी गेली. सांगण्यासारखं काही नाही.

मग दुसऱ्या एका प्रकाशकाची पुस्तिका बाजारात आली. नाव घेत नाही, चौकात सगळ्यांना माहीत आहे. आमचीच कारणं, फक्त प्रत्येकातून दोन वाक्यं काढलेली, म्हणजे पानं कमी, किंमत कमी. तोंडावर विचारलं तर म्हणाले, “विज्ञान काय तुमच्या मालकीचं आहे का?” नाही. पण माठाची आकृती आमच्या मालकीची आहे. आमच्या हपिसातल्या माठाखालच्या तिवईचा एक पाय आखूड होता, खाली कागदाची घडी घातलेली. भागीदाराने माठाची आकृती काढताना ती घडीसुद्धा रेखाटली होती. त्यांच्या पुस्तिकेत ती घडी जशीच्या तशी आहे! वकिलाने खर्च सांगितला, आम्ही घरी आलो.

त्यातच २०१८. दहावीचं विज्ञानाचं पुस्तक बदललं, भाग १ आणि भाग २ झाले. त्याआधी वितरकाने ‘रिपीटर मुलं आहेत, जुना अभ्यासक्रम अजून चालेल’ म्हणून मोठी छपाई करायला लावली आणि जुलैत सगळा माल परत पाठवला, गठ्ठ्यांची सुतळीही न सोडता. कागदवाल्याची उधारी, बाइंडरची उधारी. भागीदार त्या दिवाळीत बाहेर पडला. त्याचा हिस्सा मी हप्त्याने दिला, भांडण नाही. गोदाम सोडलं. पुस्तिका रद्दीत घालताना रद्दीवाला पिनांचं वजन कापून घेत होता.

नवी आवृत्ती काढली तेव्हा पानं वाढवली, कमी केली नाहीत. चांदीची भांडी काळी का पडतात, यात हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडपासून सिल्व्हर सल्फाइडच्या थरापर्यंत एकही पायरी गाळली नाही. शेवटी प्रश्नाचं वाक्य ‘म्हणून’ लावून पुन्हा लिहिलंय, कारण तपासणारा आधी तेच शोधतो.

पालकांना एक सांगतो. मुलाने पाठ केलेलं कारण म्हणून दाखवलं की मधल्या कुठल्याही वाक्यावर थांबवून विचारा, “त्यामुळे काय होतं?” त्याला पुढचं सांगता आलं तर पुस्तिका घ्यायची गरज नाही. आणि नवीन प्रकाशकांनो, वितरकाच्या तोंडी ऑर्डरवर छापू नका, लेखी घ्या.

पीडीएफ मिळेल का, असं रोज कोणीतरी विचारतं. मिळणार नाही. छापील पुस्तिका आहे, शाळांना टपालखर्च आमचा. उधारी सांगोल्याच्या शाळेलाच, आणि त्यांनी ती कधी मागितलेली नाही.