चित्रांचे बोट धरून निघालेली ॲलिस

४ जुलै

१८६२ साली याच तारखेला ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च कॉलेजमधले गणिताचे अध्यापक चार्ल्स डॉजसन यांनी लिडेल कुटुंबातल्या तीन बहिणींना नावेतून फिरायला नेले आणि वाटेत एक गोष्ट रचून सांगितली. मधल्या बहिणीने, दहा वर्षांच्या ॲलिसने, ती लिहून द्या म्हणून हट्ट धरला, आणि १८६५ मध्ये लुईस कॅरल या टोपणनावाने ‘ॲलिस इन वंडरलँड’ छापून निघाली. तारखेचे निमित्त साधून मी आज तिचा जर्मन अनुवाद पुन्हा वाचायला घेतला. आन्टोनी त्सिमरमान यांचा हा अनुवाद १८६९ चा. त्याच वर्षी फ्रेंच अनुवादही निघाला होता, आणि दोन्हींत जॉन टेनिअल यांची मूळ चित्रे होती.

या कादंबरीची गोडी दीडशेहून अधिक वर्षे आणि इतक्या भाषांमध्ये टिकून राहिली, याचे मोठे श्रेय मी चित्रांना देते. पहिल्याच वाक्यात ॲलिस बहिणीच्या पुस्तकात डोकावते आणि ज्यात चित्रे नाहीत, संवाद नाहीत, असे पुस्तक काय कामाचे, असा विचार तिच्या मनात येतो. कॅरल यांनी ही गोष्ट मनावर घेऊनच पुढचे सगळे लिहिले असावे. ॲलिस दिसायला कशी, तिचा झगा कसला, याचे वर्णन मजकुरात जवळजवळ नाही. ग्रिफन म्हणजे काय ते ठाऊक नसेल तर चित्र पाहा, असे ते कंसात सांगून मोकळे होतात. न्यायाधीश बनलेल्या राजाने केसांच्या टोपावर मुकुट कसा चढवला, हे बघायचे असेल तर मुखचित्र उघडा, असे सुचवतात. म्हणून चित्रे गाळून केलेला अनुवाद, तो भाषेच्या दृष्टीने कितीही सरस असला, तरी मला अर्धाच वाटतो.

टेनिअल हे ‘पंच’ या इंग्रजी विनोदी साप्ताहिकाचे व्यंगचित्रकार. त्यांची ४२ चित्रे डॅल्झिएल बंधूंनी लाकडी ठोकळ्यांवर कोरून घेतली. पहिल्या २,००० प्रतींची छपाई टेनिअल यांच्या मनास आली नाही, तेव्हा छपाईचा खर्च स्वतः सोसणाऱ्या कॅरल यांनी ती आवृत्ती मागे घेतली आणि पुस्तक नव्याने छापून घेतले. चित्रकाराच्या शब्दाला एवढा मान देणारा लेखक विरळाच.

अनुवादात या चित्रांचे वजन कसे पडते, ते ‘फादर विल्यम’च्या कवितेत स्पष्ट दिसते. त्सिमरमान यांनी म्हाताऱ्या विल्यमचे नाव बदलून मार्टिन केले आहे, यमके अस्सल जर्मन आहेत. पण म्हाताऱ्याने डोक्यावर उभे राहणे, दारातून उलटी कोलांटी मारणे, अख्खे हंस हाडे-चोचीसकट फस्त करणे आणि नाकाच्या शेंड्यावर वाम मासा तोलणे, यांतले काहीच त्यांना सोडता आले नाही, कारण टेनिअल यांनी या चारही करामती काढून ठेवल्या आहेत. चित्रांनी अनुवादिकेला वेसण घातली, आणि माझ्या मते ते कवितेच्या पथ्यावरच पडले.

मागच्या सुट्टीत माझी सात वर्षांची भाची ही प्रत घेऊन बसली होती. तिला जर्मनचा गंध नाही. हुक्का ओढणाऱ्या सुरवंटाच्या चित्रावर ती बराच वेळ थांबली आणि मग बोट ठेवून म्हणाली, “मावशी, हे नाक नाहीये, हे त्याचे पाय आहेत.” मी निरखून पाहिले. सुरवंट आपल्याकडे पाठ करून अळंबीवर बसला आहे, त्याचा चेहरा बाजूने दिसतो, आणि ज्याला आपण लांब नाक आणि हनुवटी समजतो ते खरोखर त्याचे पुढचे दोन पाय आहेत. दोन्ही गोष्टी एकाच रेषेत अशा बेमालूम मिसळल्या आहेत की एकदा पाय दिसले तरी नाक नाहीसे होत नाही. हॅटर या पात्राच्या टोपीला खोचलेली किमतीची चिठ्ठी अशीच: मजकुरात तिचा उल्लेख नाही, पण हा माणूस विकायच्या टोप्यांतलीच एक डोक्यावर घालून हिंडतो, हे दहा शिलिंग सहा पेन्सच्या त्या चिठ्ठीवरून, शेवटच्या खटल्यात तो स्वतः ते सांगतो त्याच्या कितीतरी आधी कळते.

१९०७ साली पुस्तकाचा ब्रिटनमधला स्वामित्वहक्क संपला आणि नव्या चित्रकारांची रीघ लागली. त्याच वर्षीची आर्थर रॅकहॅम यांची चित्रे सुंदर आहेत, पण त्यांतल्या धूसर रंगांत कॅरलच्या वाक्यांचा टोकदारपणा हरवतो. १९६६ च्या स्वीडिश आवृत्तीसाठी टोव्हे यान्सन यांनी चित्रे काढली. ऑस्ट्रेलियातल्या पित्यंत्यत्यारा या आदिवासी भाषेत १९७५ मध्ये ॲलिस आली, तेव्हा तर सशाची जागा कांगारूने घेतली. मला ही वाट फार पटते. एक तर टेनिअल जसेच्या तसे, ज्या त्या मजकुराशेजारी ठेवावेत, नाहीतर सगळी चित्रसृष्टी आपल्या मातीतून नव्याने उभी करावी.

मराठीत असा प्रयत्न कोणी हाती घेतला, तर चित्रकार पहिल्या खर्ड्यापासून अनुवादकाच्या शेजारी बसलेला असावा, असे मला मनापासून वाटते. ग्रिफनच्या जागी आपल्या गडांच्या दरवाजांवरचा शरभ शोभून दिसेल. तोही कोणी प्रत्यक्ष पाहिलेला प्राणी नाही, तेव्हा तो कसा दिसतो हे सांगण्याचे काम तिथेही चित्रालाच करावे लागेल.