जुनी पिकअप: पाटे, क्लच, ब्रेक आणि नव्या गाडीचा हप्ता

गाडी 2012 ची, सव्वा टन पासिंग, कॉमन रेल डिझेल, आरसीवर बीएस-3 (धुराचं जुनं मानक). मीटरवर 2 लाख 86 हजार किलोमीटर. काम ठरलेलं: सासवडच्या बाजूने सीताफळ, अंजीर, पालेभाजी भरायची, दिवे घाट उतरून पुण्यात गुलटेकडीला मार्केट यार्डात खाली करायची आणि रिकामी परत वर आणायची. महिन्याला साधारण 1,700 किलोमीटर होतात. फिटनेस संपायला दीड महिना होता आणि तक्रारी पाच: गिअर टाकताना खालून ‘टक्क’ आवाज, चढाला क्लच घसरणं, स्टिअरिंग ढिलं, माल भरला की मागची बाजू बसणं आणि सकाळी चालू करताना पांढरा धूर. दुरुस्तीचा अंदाज सव्वा लाखाच्या घरात होता. गाडी आहे तशी विकली तर दोन लाखांच्या आसपास येत होते.

खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की गाडी काढून टाकावी, असं सर्रास सांगतात. हा ठोकताळा मला पटत नाही. गाडी विकून हातात काय येईल हा एक प्रश्न आणि पुढची दोन वर्षं माल वाहायला महिन्याला किती पडतील हा दुसरा. धंद्याच्या गाडीचा निर्णय दुसऱ्या प्रश्नावर घ्यायचा. मात्र त्याआधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात, कारण त्या गेल्या असतील तर पुढचा हिशेबच करायचा नाही. त्या म्हणजे चॅसिस आणि इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. पाटे (मागच्या बाजूचा भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या), क्लच, ब्रेक, शाफ्टचे क्रॉस, बॉल जॉइंट हे सगळं झिजण्यासाठीच असतं. झिजलं की बदलायचं.

चॅसिस बघायची तर आधी वॉशिंग रॅम्पवर खालून प्रेशरने धुऊन घ्यावी, चिखलाखाली काही दिसत नाही. भाजीच्या गाडीत हौद्याच्या फटींतून पाणी सतत खाली झिरपतं. त्यामुळे गंज आधी धरतो तो केबिनच्या मागच्या क्रॉस मेंबरला (चॅसिसच्या आडव्या पट्टीला), हौद्याच्या माउंटिंगखाली आणि मागचे पाटे चॅसिसला जिथे टांगलेले असतात त्या हँगरजवळ. छोट्या हातोडीने ठोकत जायचं. टणक आवाज आला तर पत्रा शाबूत आहे, बद्द आवाज आला तिथे स्क्रू ड्रायव्हर दाबून पाहायचा. मला हौद्याच्या दोन माउंटिंग ब्रॅकेटवर आणि एका क्रॉस मेंबरच्या टोकाला खाल्लेला पत्रा सापडला. मुख्य दोन्ही लांब पट्ट्या स्वच्छ होत्या. हँगरच्या रिव्हेटपाशी केसासारखी चीर असती, तर मी गाडी तिथेच सोडून दिली असती. तिथे वेल्डिंग केलं तरी भरल्या गाडीत चीर वेल्डच्या शेजारून पुन्हा निघते.

इंजिनाची पहिली परीक्षा फुकटात होते. गरम इंजिन आयडलवर ठेवून ऑइल फिलरचं झाकण काढून उलटं ठेवायचं. थोडं थरथरलं तर ठीक. उडून पडत असेल आणि धुराचे भपकारे येत असतील तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे रिंग-लायनर संपत आलेत. त्यावर न थांबता ग्लो प्लगच्या भोकातून गेज लावून चारही सिलिंडर मोजून घेतले: 26, 25.5, 26 आणि 24 किलो (प्रति चौरस सेंटिमीटर). आकड्यापेक्षा चारमधला फरक महत्त्वाचा, आणि तो इथे दहा टक्क्यांच्या आत होता. दोन ऑइल बदलांमध्ये वरून घालावं लागत होतं जेमतेम 400 मिली. इंजिन उघडायची गरज नव्हती. ती असती तर आणखी 80-90 हजार धरावे लागले असते आणि मग मी नव्या गाडीकडे गेलो असतो.

पांढऱ्या धुराचं कारण ओळखायला इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून इंजिन तीन मिनिटं आयडलवर चालवलं. दोन बाटल्या इतरांच्या जवळजवळ तिप्पट भरल्या. तेवढेच दोन इंजेक्टर बेंचवर पाठवून दुरुस्त करून घेतले. चारही सरसकट बदला, असा सल्ला मिळाला होता. बाटल्यांची परीक्षा केल्याशिवाय तो ऐकू नये.

स्टिअरिंगची ढिलाई नेमकी कुठली हेही असंच शोधायचं. चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवायचं, मग डावी-उजवीकडून. वर-खाली हलत असेल तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगायचं: हलणं थांबलं तर बेअरिंग, तरीही हललं तर बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे हललं की टाय रॉड एन्ड पाहायचे. माझ्याकडे खालचे दोन्ही बॉल जॉइंट आणि एक टाय रॉड एन्ड गेला होता. बेअरिंगला फक्त ग्रीस लागलं.

आता मागचे पाटे. माझं सगळ्यात जास्त लक्ष इथे होतं, कारण चुका इथेच होतात. बसलेले पाटे ठोकून पुन्हा कमान देऊन मिळते, स्वस्तात होतं. पण थकलेलं पोलाद ती कमान धरत नाही, दोन-तीन महिन्यांत पाटा परत सपाट होतो. मी दोन्ही बाजूंचा मेन पाटा आणि दुसरा पाटा नवा घेतला, बाकीचे ठेवले. एकाच बाजूचा बदलला तर गाडी तिरकी उभी राहते. सेंटर बोल्ट, बुश, शॅकल पिन आणि चारही यू-बोल्ट नवे. यू-बोल्ट एकदा ताणला गेला की पुन्हा तेवढा आवळत नाही. जुनाच वापरला तर पाटे आतल्या आत सरकतात, सेंटर बोल्ट तुटतो आणि अ‍ॅक्सल मागेपुढे होतो. आणखी एक: रबर बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन पाट्यांवर आल्यावर आवळायचे. नाहीतर रबर कायम पीळ खाल्लेल्या अवस्थेत राहतं आणि फाटतं. आधीचे बुश सहा महिन्यांत का गेले होते, ते तेव्हा कळलं.

‘टक्क’ आवाज प्रॉपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसचा, म्हणजे सांध्याचा होता. तीन क्रॉस आणि सेंटर बेअरिंग बदललं. शाफ्ट काढण्याआधी स्प्लाइनच्या (एकमेकांत बसणाऱ्या दात्यांच्या जोडाच्या) दोन्ही बाजूंना रंगाने खूण करायला मी सांगितलं होतं, ती झाली नाही. शाफ्ट चुकीच्या दातावर बसला, दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत राहिले नाहीत आणि ताशी 55 ला केबिन थरथरायला लागली. गाडी परत नेऊन शाफ्ट काढून योग्य दातावर बसवला, तेव्हा थांबली. स्वतः उभं राहून करून घेण्याचं हे काम आहे. क्रॉसला दर 5,000 किलोमीटरला ग्रीस द्यायचं आणि चारही कपांतून ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारायचा. एका कपातून येत नसेल तर तोच कप आधी जाणार.

क्लचची मजुरी मुख्यतः गिअरबॉक्स उतरवण्याची असते. म्हणून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग, इंजिनाचं मागचं ऑइल सील आणि गिअरबॉक्सचं पुढचं सील सगळं एकदम केलं. दोन्ही सील मिळून हजाराच्या आत बसतात. ती सोडली आणि पुढे गळली तर नवी प्लेट तेलात भिजते आणि सगळी मजुरी पुन्हा द्यावी लागते. फ्लायव्हीलवर निळे डाग होते, म्हणून लेथवर फेसिंग करून घेतलं.

ब्रेकमध्ये मागच्या ड्रमवर कोरलेला जास्तीत जास्त व्यास बघायचा. लेथवर साफ केल्यावर माप त्याच्या पुढे जात असेल तर ड्रम नवाच घ्यायचा. माझा एक ड्रम लेथवर निघाला, दुसरा गेला. ब्रेक लायनर, दोन्ही व्हील सिलिंडर, पुढचे पॅड नवे. ब्रेक ऑइल पूर्ण बदललं. ते हवेतली ओल शोषतं, त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, आणि भरली गाडी घाट उतरताना ते उकळलं की पेडल पोकळ जातं. माझी गाडी भरून घाट उतरते, त्यामुळे इथे काटकसर करण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही काम झाल्यावर मागचे ब्रेक कमी लागत होते. कारण निघालं मागच्या अ‍ॅक्सलशी जोडलेला एलएसपीव्ही, म्हणजे भारानुसार मागचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह. नव्या पाट्यांनी गाडी मागून उचलली गेली, व्हॉल्व्हला ती रिकामी वाटली, त्याने मागचा दाब कमी केला. दांडीची लांबी जुळवल्यावर ठीक झालं. पाटे बदलले की हे जुळवून घ्यायलाच हवं, पण बहुतेक ठिकाणी राहून जातं.

सुटे भाग मी नाना पेठेतून स्वतः आणले. रबर, सील, बेअरिंग आणि ब्रेकचे भाग कंपनीचेच. पाटे, यू-बोल्ट, पिना चांगल्या स्थानिक बनावटीच्या चालतात. बिल पक्कं घ्यावं, जुने भाग परत मागून घ्यावेत. क्रम असा ठेवला: आधी चॅसिसचं वेल्डिंग, मग पाटे, शाफ्ट, क्लच, ब्रेक, स्टिअरिंग, मग टायर आणि सगळ्यात शेवटी अलाइनमेंट. वेल्डिंगच्या वेळी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्या आणि ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टर सोडवला.

खर्च असा झाला: पाटे 19,000, शाफ्ट 6,500, क्लच 16,500, ब्रेक 14,000, स्टिअरिंग व अलाइनमेंट 13,500, इंजेक्टर 21,000, दोन टायर 14,000, चॅसिस-हौदा-रंग 18,500. एकूण 1,23,000. गाडी नऊ दिवस उभी होती, त्या काळात भाड्याच्या गाडीचे 19,800. मिळून 1,42,800. दोन वर्षांवर टाकलं तर महिन्याला 5,950 आणि पुढच्या किरकोळ कामांसाठी मी आणखी 3,000 धरतो.

नव्या गाडीचं कोटेशन रस्त्यावर येईपर्यंत साडेदहा लाख होतं. 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, ते धरून. दोन लाख भरून साडेआठ लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर हप्ता 18,060 आणि एकूण व्याज 2,33,600. नवी गाडी माझ्या कामात लिटरला 11 ऐवजी साडेतेरा देईल असं धरलं तरी 1,700 किलोमीटरला सुमारे 28 लिटर वाचतात, म्हणजे अडीच हजार रुपये. हप्त्याचं अंतर त्याने भरून निघत नाही. शिवाय बीएस-6 डिझेलच्या डीपीएफला (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरला) मधूनमधून सलग वेगात चालणं लागतं. हडपसरच्या कोंडीत रोज अडकणाऱ्या गाडीला त्याचा त्रास होतो. महिन्याला चार-साडेचार हजार किलोमीटर असते, किंवा ठरावीक वर्षांच्या आतलीच गाडी मागणारं कंत्राट असतं, तर मी नवीच घेतली असती.

जुन्या गाडीचे कागद मात्र हिशेबात धरावे लागतात. आठ वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी, पर्यावरण कर वेगळा, आणि फिटनेसची फी वयाप्रमाणे चढत जाते. दिवे इथल्या फिटनेस तपासणीच्या ट्रॅकवर नेण्याआधी हेडलाइटचा झोत, हँडब्रेक, वायपर, हॉर्न, एचएसआरपी नंबर प्लेट आणि रिफ्लेक्टर टेप (पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल) तपासून घेतलं. पीयूसीला बीएस-3 डिझेलची मर्यादा 65 एचएसयू (धुराचा दाटपणा मोजायचं एकक) आहे. इंजेक्टर झाल्यावर माझी गाडी 38 वर आली.

पाचशे किलोमीटर भरून चालवल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळले. चारपैकी तीन पाव फेरा फिरले, चौथा अर्धा. आता तो दर ऑइल बदलाला पाहायचा आहे.