दोन हंडे

शुक्रवार, रात्रीचे साडेदहा

काल मध्यरात्री नळ आले. पाळी खरे तर मंगळवारची होती. परंतु जायकवाडीच्या पंपांची वीज गेली, ती आल्यावर फारोळ्याच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत पाणी चढायला वेळ लागला, तिथून नक्षत्रवाडीच्या टाक्या भरायला आणखी वेळ लागला, आणि आठव्या दिवसाचे पाणी दहाव्या दिवशी आमच्या गल्लीत पोहोचले. यात नवीन काही नाही. मी लिहायला बसलो आहे तो दोन हंड्यांमुळे.

बुधवारी संध्याकाळी शेजारच्या वहिनी मधल्या भिंतीशी आल्या होत्या. त्यांच्या हौदाला उन्हाळ्यापासून तडा गेला आहे, त्यामुळे त्यांचे सगळे पाणी पिंपात आणि भांड्यांत असते आणि पाळी लांबली की ते सर्वांत आधी संपते. "सर, दोन हंडे मिळतील का, सकाळपुरते," असे त्यांनी विचारले. त्यांच्या हातात हंडा नव्हता. भांडे घेऊन दारात जाणे म्हणजे समोरच्याला आधीच अडचणीत टाकणे, हे त्यांना कळत असावे. मी म्हणालो, "आमच्याकडेही तळच लागला आहे, वहिनी." त्या "बरं बरं, काही हरकत नाही" म्हणाल्या आणि वर मलाच "तुम्ही एकटे आहात, जपून वापरा" असे सांगून आत गेल्या.

तळ लागलेला नव्हता. हौदात काठी बुडवून मी दुपारीच पाहिले होते; वीतभर पाणी होते. शिवाय मागच्या अंगणात दोनशे लिटरचे दोन ड्रम काठोकाठ भरलेले होते. ही पुण्याला मुलीकडे जाताना बजावून गेली होती की त्या ड्रमना हात लावायचा नाही, ते अडीअडचणीसाठी आहेत. अडीअडचण कोणाची, हे तिने सांगितले नव्हते. ती इथे असती तर हा प्रश्न माझ्यापर्यंत आलाच नसता. वहिनींनी हाक मारली असती आणि हिने बोलता बोलता भिंतीवरून हंडे पलीकडे दिले असते. या घरात पाणी कधी कमी पडले नाही, असे मी इतकी वर्षे लोकांना सांगत आलो. ते का पडले नाही, हे या तीन आठवड्यांत समजले. असो, तो विषय वेगळा आहे.

मी आयुष्यभर गणित शिकवले, म्हणून हिशेब मांडून पाहिला. एक हंडा पंधरा लिटरचा धरला तर दोन हंडे म्हणजे तीस लिटर. माझा एकट्याचा दिवसाचा खर्च साठ लिटर. ड्रममधले पाणी चारशे लिटर, म्हणजे हौद सोडूनही जवळजवळ सात दिवसांचा साठा. त्यातून तीस वजा केले असते तर माझा अर्धा दिवस कमी झाला असता. सातवीच्या मुलाला हे उदाहरण घातले असते तर त्याने विचारले असते, "सर, यात अवघड काय आहे?"

काल रात्री पावणेदोन वाजता फाटकाची कडी वाजली. वहिनींचा मुलगा होता. "सर, उठा, नळ आले!" मी एकटा असल्यापासून प्रत्येक पाळीला तो मला उठवतो, कारण तोटीतून आधी हवेची फुसफुस येते ती मला हल्ली ऐकू येत नाही. बुधवारी जे घडले त्यानंतर त्याला उठवायला पाठवलेच नसते तरी मला तक्रार करता आली नसती. किंबहुना ते मला सोपे गेले असते.

पुढे जे झाले तेच मला छळत आहे. नवीन पाणी आले की जुने ओतून द्यायचे, ही आपल्याकडची रीत आहे. पाणी आठ दिवसांत शिळे होते, आणि डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण तेवढेच दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे चौकातल्या भिंतीवर रंगवलेलेही आहे. मी हौदाला नळी लावली आणि झोपेतच मागचे दोन्ही ड्रम आडवे केले. चारशे लिटर पाणी अंगणातून बोळात आले आणि तिथून उताराने वहिनींच्या दारावरून गटाराकडे गेले. त्या खड्ड्यातल्या नळाखाली बादली धरून बसल्या होत्या आणि मुलगा भरलेल्या बादल्या आत नेत होता. पाणी त्यांच्या पायांखालून वाहत गेले. त्यांनी मान वर करून पाहिले आणि म्हणाल्या, "सर, सांभाळून या, पाय घसरेल."

बस, एवढेच. त्यांना कळले की नाही, हे मी सकाळपासून ठरवू शकलेलो नाही. त्या काळजीने बोलल्या असाव्यात, कारण बोळात शेवाळ आहे आणि मागच्या वर्षी मी तिथेच पडलो होतो. पण ज्या घरात तळ लागला होता त्या घरातून दोन ड्रम पाणी कसे वाहिले, हा प्रश्न पडायला गणित यावे लागत नाही.

दुपारी मी स्वतःची समजूत घालू लागलो की त्या पाण्यात अळ्या झाल्या असतील, म्हणून दिले नाही तेच बरे केले. दुर्दैवाने रात्री ओतण्यापूर्वी मी बॅटरी लावून पाहिले होते. पाणी निवळशंख होते.

मग शहरावर राग काढून पाहिला. यंदा नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, भरला, दरवाजे उघडून गोदावरीत पाणी सोडावे लागले, आणि आम्ही पन्नास किलोमीटरवर काठीने हौद मोजतो. पैठण रस्त्याच्या कडेला अडीच हजार मिलिमीटर व्यासाचे नळ वर्षानुवर्षे पडलेले मी पाहिले आहेत. जुन्या चौदाशेच्या तुलनेत त्यांच्या छेदाचे क्षेत्रफळ तिपटीहून अधिक भरते, हे मी बसमध्ये शेजारच्या प्रवाशाला सांगितलेही होते. हा राग खोटा नाही, परंतु फार वेळ टिकला नाही. पाणी रोज आले असते तर मी उदार राहिलो असतो, एवढेच त्यातून सिद्ध होते. शिवाय त्या जलाशयाला ज्यांचे नाव दिले आहे, त्या एकनाथांनी काशीहून आणलेली कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली होती. सुदैवाने ती गोष्ट मराठीच्या तासाला असे. माझ्यावर ती शिकवण्याची वेळ आली नाही.

संध्याकाळी हिचा फोन आला. पाणी आले का, मोटर वेळेवर बंद केली का, ड्रम विसळून भरले का, हे सगळे तिने विचारले आणि शेवटी म्हणाली, "शेजारी विचारलंत ना? त्यांचा हौद गळतो." मी म्हणालो, "त्यांनीही रात्री भरले." हे खोटे नव्हते. सत्तरीच्या उंबरठ्यावर आपण किती काळजीपूर्वक खरे बोलू शकतो, याचे मला थोडे हसूही आले.

फोन ठेवल्यावर गच्चीवर गेलो. माझ्या मोटरचे पाणी नळी लावून पलीकडच्या टाकीत सोडता येईल, म्हणजे त्यांचा हौद दुरुस्त होईपर्यंत पाळीच्या रात्री बादल्या वाहाव्या लागणार नाहीत, असे मनात आले. पायांनी अंतर मोजले, मग खात्रीसाठी शिवणाच्या डब्यातली टेप आणून पुन्हा मोजले. अंतर एकवीस फूट भरले. घरातली नळी अठरा फुटांची आहे. वहिनी त्यांच्या गच्चीवर कपडे काढत होत्या, त्यांनी विचारले, "काय मोजताय, सर?" मी म्हणालो, "काही नाही, सहज."

उद्या गुलमंडीला जाऊन तीन फूट नळी आणि एक जोड आणायचा आहे.