एकाच पट्टीवर अडलेला रावेल

संध्याकाळच्या कार्यक्रमात फ्रेंच संगीतकार रावेलची 'अल्बोरादा देल ग्रासिओसो' ही पियानोरचना होती. त्यात एकच स्वर बोटं बदलत, विलक्षण वेगाने लागोपाठ वाजवावा लागतो. मी पियानो दुरुस्त करणारा. दुपारच्या तालमीत पियानोवादक बाईंनी मला बोलावून दाखवलं: मधल्या सप्तकात काही पट्ट्यांवर पहिला स्वर वाजायचा, पुढचा गायब. पट्टी खाली जात होती, पण तारेवर आपटणारा हॅमर तारेपर्यंत पोहोचत नव्हता. बाहेर मुंबईतला जुलै, आणि सभागृहाचा एसी त्याच सकाळी सुरू केलेला.

ग्रँड पियानोत पट्टी पुरती वर येण्याआधीच तोच स्वर पुन्हा वाजवता येतो. एरार घराण्याने 1821 मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रणेची ही करामत. हॅमर अर्ध्यावर धरला जातो, एक स्प्रिंग त्याला किंचित उचलून ठेवते आणि तेवढ्यात जॅक नावाचा छोटा लाकडी तुकडा पुन्हा त्याच्याखाली सरकतो. जॅक उशिरा आला की पट्टी पोकळ जाते.

पुढची लाकडी फळी आणि झाकण काढून अ‍ॅक्शन, म्हणजे पट्ट्या आणि हॅमरची सगळी यंत्रणा, बाहेर ओढली. या वेळी एकही पट्टी दाबली जाता कामा नये. वर आलेला हॅमर लाकडाला अडकून दांडा मोडतो. आधी पट्ट्या तपासल्या. पुढून उचलून सोडलेली पट्टी स्वतःच्या वजनाने खाली यायला हवी. तीन-चार रेंगाळत होत्या, कारण पिनेभोवतीचं कापड दमटपणाने फुगलं होतं. खास पक्कडीने ते जरासं दाबलं. जास्त दाबलं तर पट्टी डुगडुगते, आणि मग नवं कापडच घालावं लागतं.

खरा दोष मात्र जॅकमध्ये होता. बोटाने मागे ढकलून सोडला की तो टचकन जागेवर यायला हवा. इथे तो आळसावून येत होता. त्याची पिन जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची. तिच्याभोवतीचं कापड ओलं झालं की एवढं घर्षण पुरतं. आधी कुणीतरी यावर उपाय म्हणून स्प्रिंगाच ताठ केल्या होत्या. या उपायाचा मला राग येतो, कारण दोष झाकला जातो आणि वाजवणाऱ्याच्या बोटाला उगाच धक्का बसतो.

प्रत्येक जड सांध्यात वंगणाचा एकेक थेंब सोडला. दोन सांधे तरीही सुटेनात. ते भाग स्क्रू काढून वेगळे केले, जुनी पिन ढकलून काढली, कापडातून रीमर, म्हणजे छिद्र मोकळं करणारं बारीक अवजार, हलकंच फिरवलं आणि नवी पिन बसवली. सांधे मोकळे झाल्यावर त्या ताठ स्प्रिंगांमुळे हॅमर उसळू लागले, म्हणून त्या सैल केल्या. अंदाज असा घ्यायचा: पट्टी जोरात वाजवून दाबूनच ठेवायची, मग हळूहळू सोडायची, हॅमर शांतपणे वर चढला पाहिजे, उडी मारता कामा नये.

बाईंनी तो भाग मुद्दाम अगदी हलक्या आवाजात वाजवून पाहिला. जोरात वाजवताना बोटांचा जोर दोष झाकतो. हलक्या आवाजात वाजवताना एकही स्वर गळला तर लगेच कळतं. सगळे स्वर आले.

ट्यूनिंग सर्वांत शेवटी ठेवलं. एसीने हवा कोरडी होत गेली की साउंडबोर्ड, म्हणजे आवाज घुमवणारा लाकडी फलक, आकसतो आणि सूर उतरतो, तोही सगळीकडे सारखा नाही. म्हणून दारं बंद करून, रंगमंचावरचे दिवे लावून मगच मधला 'ए' स्वर 440 हर्ट्झला धरून सूर मिळवला. मध्यंतरात वरच्या सप्तकातल्या दोन स्वरांच्या तारा पुन्हा एकमेकींशी जुळवून घ्याव्या लागल्या.