रिबिल्ट टायटलची गाडी: शिक्का सोडा, आधीचे फोटो मागा

२०१९ ची कोरोला, पासष्ट हजार मैल, बाजारभावापेक्षा साडेचार हजार डॉलर स्वस्त. जाहिरातीत सगळ्यात शेवटी, लाजत लाजत लिहिलेले दोन शब्द: रिबिल्ट टायटल. अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी मुलांच्या ग्रुपवर अशी लिंक पडली की खाली दोनच प्रकारची उत्तरं येतात. एक, ‘अजिबात नको.’ दुसरं, ‘आमच्या रूममेटने घेतली, मस्त चाललीय.’ दोन्ही उत्तरं गाडी न बघता दिलेली असतात, त्यामुळे दोन्ही निरुपयोगी.

टायटल म्हणजे गाडीच्या मालकीचा सरकारी कागद, आपल्या आरसी बुकाचा भाऊबंद. फरक असा की इथे गाडीचा जुना आजार या कागदावर लिहिलेला असतो. विमा कंपनीने गाडी ‘टोटल’ ठरवली, म्हणजे दुरुस्तीपेक्षा मालकाला किंमत देऊन टाकणं परवडतं असं धरलं, की राज्याच्या नियमांप्रमाणे तिला सॅल्व्हेज टायटल मिळतं. ती रस्त्यावर चालवता येत नाही. कोणीतरी ती लिलावात घेतो, दुरुस्त करतो, राज्याची तपासणी पार पाडतो, आणि मग कागदावर रिबिल्टचा शिक्का बसतो. शब्द राज्यागणिक बदलतात. पेनसिल्व्हेनियात ‘रीकन्स्ट्रक्टेड’, टेक्सासात ‘रिबिल्ट सॅल्व्हेज’, कॅलिफोर्नियात नुसतं ‘सॅल्व्हेज्ड’. हा शिक्का पुढे कधीच पुसला जात नाही. निदान जाऊ नये.

आता मुख्य घोळ. शिक्का सांगतो की दुरुस्ती परवडत नव्हती. गाडी किती मोडली होती, हे तो सांगत नाही. समजा, गाडीची अपघाताआधीची किंमत दहा हजार डॉलर, दुरुस्तीचा अंदाज सात हजार, आणि मोडक्या गाडीला लिलावात मिळतील बत्तीसशे. ओक्लाहोमात दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या साठ टक्क्यांवर गेली की झालं, म्हणून ही गाडी सॅल्व्हेज. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात ठरावीक टक्केवारी नाही. दुरुस्ती अधिक भंगाराची किंमत असा हिशेब होतो, तो दहा हजार दोनशे भरतो, म्हणून तिथेही सॅल्व्हेज. टेक्सासात मात्र दुरुस्तीचा खर्च गाडीच्या पूर्ण किमतीच्या वर जायला हवा. तिथे याच गाडीला कायद्याने शिक्का लागत नाही, ती ‘क्लीन’, म्हणजे बिनशिक्क्याच्या, टायटलवर विकली जाऊ शकते. म्हणजे टेक्सासचा शिक्का दिसला तर मार मोठा होता असं धरून चाला, आणि टेक्सासची क्लीन गाडी दिसली तर लगेच हुरळू नका.

जुन्या गाडीचं गणित आणखी वेगळं. सहा-सात हजार किमतीच्या गाडीच्या दोन एअरबॅग उडाल्या की डॅशबोर्ड, पुढचे दोन सीटबेल्ट, एअरबॅगचं कंट्रोल मॉड्यूल मिळूनच हजारो डॉलरचं बिल होतं. पत्रा फारसा न चेपताही गाडी टोटल. जुन्या प्रियसचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा महागडा भाग) चोरांनी कापून नेला तरी तेच. गारपिटीने टपापासून बॉनेटपर्यंत खळगे पडले, गाडी टोटल. चोरीला गेली, विम्याचे पैसे दिले गेले आणि महिन्याने गाडी सापडली, तरी अनेक राज्यांत शिक्का लागतो. साधी किल्ली फिरवून चालू होणाऱ्या, इमोबिलायझर (खऱ्या किल्लीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा) नसलेल्या किया-ह्युंदाई गाड्यांच्या चोऱ्या वाढल्या तेव्हा स्टिअरिंग कॉलम फोडलेल्या अशा पुष्कळ गाड्या बाजारात आल्या. रिबिल्टमध्ये घेण्यासारख्या गाड्या बहुधा याच असतात: गारपीट, चोरी, आणि जुन्या गाडीला लागलेली हलकी ठोकर.

न घेण्यासारखी पहिली जात, आणि तिच्यावर वाद नको: पाण्यात बुडालेली गाडी. हार्वी (२०१७), आयडा (२०२१), इयन (२०२२) या वादळांनंतर अशा गाड्या धुऊन-पुसून दूरदूरच्या राज्यांत विकायला गेल्या. पाणी ओसरल्यावर कनेक्टरच्या पिना आतून हिरव्या पडत जातात. गाडी घेतली त्या दिवशी सगळं चालू असतं. आठ महिन्यांनी खिडकी अडते, मग एबीएसचा दिवा, मग गाडी मध्येच बंद. कोणता कनेक्टर सडला ते शोधण्याची मजुरीच भागापेक्षा महाग. हायब्रिडमध्ये तर हाय व्होल्टेजच्या केबलीही सडतात. किंमत कितीही पाडली तरी नको.

मग मार कसला होता हे कळायचं कसं? विकणाऱ्याला विचारलं तर एकच उत्तर मिळतं: ‘फक्त बंपर आणि फेंडर.’ सगळ्या जगाच्या गाड्यांना म्हणे फक्त बंपर आणि फेंडरच लागतो! त्याच्याकडून व्हीआयएन, म्हणजे गाडीचा सतरा अक्षर-आकड्यांचा ओळख नंबर, घ्या. डॅशबोर्डच्या काचेखालचा, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा आणि टायटलवरचा, तिन्ही नंबर जुळतात का तेही गाडीपाशी गेल्यावर बघा. हा नंबर सर्च इंजिनात टाका. टोटल झालेल्या बहुतेक गाड्या कोपार्ट किंवा आयएए या लिलावांतून जातात, आणि त्या वेळचे आठ-दहा फोटो कुठल्यातरी साइटवर शिल्लक असतात. खरी कुंडली ती. सोबत नुकसानीचा प्रकार लिहिलेला असतो: पुढून, मागून, बाजूने, पाणी. ‘रन अँड ड्राइव्ह’ असं दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच की लिलावाच्या आवारात आली तेव्हा गाडी चालू झाली, गिअरमध्ये पडली आणि स्वतःच्या जोरावर हलली. रस्त्यावर कशी चालते याची ती हमी नाही.

एनआयसीबी या विमा कंपन्यांच्या संस्थेचा व्हीआयएनचेक फुकट आहे. तो सहभागी विमा कंपन्यांकडच्या चोरीच्या आणि सॅल्व्हेजच्या नोंदी दाखवतो. एनएमव्हीटीआयएस या टायटलांच्या देशव्यापी नोंदीचा अहवाल थोडक्या पैशांत मिळतो आणि आधीच्या राज्यांतल्या टायटलांवरचे शिक्के त्यात निघतात. हे दुसरं महत्त्वाचं, कारण एका राज्यात शिक्का लागलेली गाडी दुसऱ्या राज्यात नेऊन कागद ‘धुऊन’ घेण्याचा धंदा जुना आहे. कारफॅक्स या कंपनीचा गाडीच्या इतिहासाचा अहवाल घेतलात तर उत्तम, पण त्याच्यावर विसंबून हे दोन सोडू नका.

फोटोत काय बघायचं? पुढून मार असेल तर चाक जागेवर आहे का, की मागे दाराकडे सरकलंय. बॉनेट दुमडलं असेल तर हरकत नाही, ते बोल्टवर बसतं. पुढच्या काचेच्या खांबापाशी छत आणि दार यांच्यातली फट वाकडी झाली असेल तर मार सांगाड्यापर्यंत पोचलाय. बाजूने मधल्या खांबावर बसलेला मार, मागच्या चाकावरचा कापूनच बदलावा लागेल इतका चेपलेला पत्रा, छताच्या उडालेल्या एअरबॅग, यांतलं काहीही दिसलं तर पुढची गाडी बघा. आणि फोटो मिळालेच नाहीत, विकणाऱ्याकडेही नाहीत, तर तिथेच थांबा. दुरुस्त करून विकणारा माणूस लिलावातून घेताना फोटो बघूनच घेतो. त्याच्याकडे फोटो नाहीत याचा अर्थ त्याला ते दाखवायचे नाहीत.

राज्याच्या तपासणीत पास झालीय, हे वाक्य फार ऐकू येतं. न्यूयॉर्कची रिबिल्ट तपासणी मुळात गाडीला चोरीचे भाग लावलेत का हे बघण्यासाठी आहे. गाडी सुरक्षित आहे असं ती म्हणत नाही. इतर अनेक राज्यांतही मुख्य रोख भागांच्या पावत्यांवर असतो. त्या पावत्या मात्र तुम्हीही मागा. वापरलेला भाग असेल तर तो ज्या गाडीतून काढला तिचा व्हीआयएन पावतीवर हवा. एअरबॅग फोटोत उडालेली दिसते आणि पावत्यांत एअरबॅगच नाही, असं निघालं तर बोलणी संपली.

एअरबॅगवर थोडं थांबू या, कारण फसवणूक सगळ्यात जास्त इथे होते आणि जीवही इथेच जातो. गाडी सुरू न करता इग्निशन ऑन करा. डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल किंवा पिवळा दिवा साधारण सहा सेकंद लागून विझला पाहिजे. दिवा लागलाच नाही तर कोणीतरी तो काढून टाकलाय किंवा झाकलाय. लागून विझला म्हणजेही सगळं आलबेल नाही. एअरबॅगच्या जागी दोन-तीन ओहमचा एक रेझिस्टर लावला की मॉड्यूलला वाटतं बॅग जागेवर आहे, आणि दिवा शहाण्यासारखा विझतो. आत मात्र नुसतं रिकामं कव्हर. स्टिअरिंगच्या मधल्या कव्हरचा रंग आणि खरखरीतपणा बाकीच्या प्लॅस्टिकशी जुळतो का, डॅशबोर्डच्या उजव्या भागात कापल्याची रेघ किंवा नव्याने चढवलेलं आवरण दिसतं का, ते उन्हात बघा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. पट्ट्याच्या तळाशी शिवलेल्या लेबलवर उत्पादनाची तारीख असते. दाराच्या चौकटीवर गाडीच्या निर्मितीचा महिना असतो. गाडी मार्च २०१९ ची आणि पट्टा २०१६ चा, म्हणजे पट्टा दुसऱ्या गाडीचा. पट्टा ओढून सोडल्यावर परत जात नसेल तर आतला प्रीटेन्शनर (अपघातात पट्टा आवळणारा भाग) उडालेला असू शकतो. याच ओढलेल्या पट्ट्यावर चिखलाची आडवी रेघ दिसली तर गाडी बुडालेली होती, कागदावर काहीही लिहिलेलं असो.

गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा वीस डॉलरचा ओबीडी रीडर सहसा फक्त इंजिनाचे कोड वाचतो. एअरबॅगचे कोड वाचणारा स्कॅनर मेकॅनिककडे असतो. ‘क्रॅश डेटा स्टोअर्ड’ असा कोड निघाला तर मॉड्यूल बहुधा बदललेलंच नाही. २०२४ मध्ये एनएचटीएसए या रस्ता-सुरक्षेच्या सरकारी संस्थेने बाहेरून आलेल्या हलक्या प्रतीच्या इन्फ्लेटरांविषयी (बॅग फुगवणाऱ्या भागांविषयी) जाहीर इशारा दिला होता: अपघातात बॅग फुगण्याऐवजी धातूचे तुकडे उडून माणसं मेली होती. म्हणून ‘नवी एअरबॅग टाकलीय’ एवढं पुरत नाही. कुठून घेतली त्याची पावती पाहिजे.

सांगाडा तपासायला इंजिनवाला मेकॅनिक पुरेसा नाही. पत्र्याचं काम करणारा, बॉडी शॉपचा माणूस गाठा. दोघांना मिळून दोन-तीनशे डॉलर जातील, ते वाचवू नका. तोवर तुम्ही स्वतः बॉनेट उघडून दोन्ही बाजूंच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या टोप्यांभोवती बघा. कारखान्यातले स्पॉट वेल्ड नाण्यासारखे गोल, सारख्या अंतरावर असतात. गॅरेजमधला वेल्डिंगचा जोड ओबडधोबड, घासून वर रंग मारलेला. डावी आणि उजवी बाजू एकमेकींचं प्रतिबिंब असायला हवीत. रंगाची जाडी मोजायचं यंत्र असेल तर कारखान्याचा रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन दाखवतो; तीनशेच्या वर गेलं की दुसरा रंग, आणि हजाराकडे गेलं की खाली पुट्टी. बंपर प्लॅस्टिकचा, तिथे हे यंत्र काही सांगत नाही. मग व्हील अलाइनमेंट करून छापील कागद मागा. कॅस्टरमध्ये (चाक ज्या अक्षावर वळतं त्याच्या पुढे-मागे कलात) डाव्या-उजव्या चाकांत अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर सावध व्हा. बहुतेक छोट्या गाड्यांत कॅस्टर फिरवून बसवता येत नाही. तो चुकलाय म्हणजे काहीतरी वाकलंय.

२०१७-१८ नंतरच्या टोयोटा-होंडांत आणखी एक भानगड. आपोआप ब्रेक मारण्यासाठी लागणारा टोयोटाचा रडार पुढच्या चिन्हामागे असतो, कॅमेरा काचेमागे. बंपर बदलताना रडारचा ब्रॅकेट एखादा अंश वाकडा राहिला तर डॅशबोर्डवर दिवा येईलच असं नाही, पण हायवेवर गाडी शेजारच्या लेनमधल्या ट्रकला पाहून ब्रेक मारेल. कॅलिब्रेशनची, म्हणजे रडार-कॅमेरा नीट जुळवून घेतल्याची, पावती मागा, आणि चाचणीत अडॅप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीपासून आपोआप अंतर राखणारी सोय) लावून दहा मैल तरी चालवा.

पैशाचं बोलायचं तर क्लीन गाडीपेक्षा रिबिल्ट साधारण वीस ते चाळीस टक्के स्वस्त असते. वीस टक्क्यांसाठी ही उठाठेव करू नये. तीस-पस्तीस टक्के सूट, फोटोत हलका मार, आणि सहा-सात वर्षं गाडी वापरायचा विचार, असं जुळलं तर व्यवहार चांगला. एमएस संपवून दोन वर्षांत विकायची असेल तर नका घेऊ. तुम्हालाही तेवढीच सूट द्यावी लागेल आणि गिऱ्हाईक दुपटीने शोधावं लागेल. मोठ्या बँका अशा गाडीला सहसा कर्ज देत नाहीत, म्हणजे रोख रक्कम हाताशी हवी. कंपनीची वॉरंटी बहुधा संपलेली धरा. रिकॉलचं काम (कंपनीने आपल्या चुकीमुळे गाड्या परत बोलावून करायची दुरुस्ती) मात्र शिक्का असला तरी फुकट होतं. एनएचटीएसएच्या साइटवर व्हीआयएन टाकून बघा.

विम्याला फोन गाडी घेण्याआधी करायचा, नंतर नाही. लायबिलिटी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, सहज मिळते. कोलिजन (धडकेत आपल्या गाडीचं नुकसान) आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह (चोरी, गारपीट वगैरे) काही कंपन्या नाकारतात, काही फोटो मागून देतात. आणि दिला तरी पुन्हा टोटल झाली तर भरपाई रिबिल्टच्या कमी भावानेच मिळते. व्हीआयएन देऊन नेमकं विचारा: ‘कोलिजन देणार का, आणि किंमत कशी धरणार?’ उत्तर ईमेलवर घ्या.

शेवटी कागद. टायटल विकणाऱ्याच्याच नावावर हवं. ‘मित्राची गाडी आहे, तो गावाला गेलाय’ ही कथा तिथेच आटपा. टायटलवर अजून सॅल्व्हेज लिहिलंय आणि ‘तपासणी तेवढी तुम्ही करून घ्या, सोपी आहे’ असं कोणी म्हणत असेल, तर सोपी असती तर त्याने स्वतःच करून दोन हजार डॉलर जास्त मागितले नसते का? राज्य बदलणार असाल तर नव्या राज्याच्या डीएमव्हीला, म्हणजे तिथल्या आरटीओला, आधी विचारा. बाहेरची रिबिल्ट गाडी काही ठिकाणी पुन्हा तपासली जाते, आणि तेव्हा त्याच पावत्या परत मागतात. म्हणून व्यवहाराच्या दिवशी फोटोंची प्रत आणि भागांच्या मूळ पावत्या किल्लीसोबत ताब्यात घ्या.